रांगेतली दुसरी

रालित्सा मिन्चेवाला बॅलेच्या रांगेत नाचायला लागून अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत तिचं खरं कौतुक एकदाच झालं होतं. एका प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी बॅलेच्या प्रमुख स्ताम्बोलोवा बाई जिन्यात तिला अडवून म्हणाल्या होत्या, "काल तू मला दिसलीच नाहीस." त्या संध्याकाळी रालित्सा डॅन्यूब नदीच्या काठाने घरी गेली ती चालत नाही, तरंगत गेली.

बॅलेतल्या रांगेचं हे असंच असतं. चोवीस मुली, चोवीस पांढरे झगे, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसायला हवी एकच गोष्ट. जी वेगळी दिसली ती चुकली. कुणाचा हात बोटभर वर गेला किंवा मान जरा जास्त वळली, की बाई समोरच्या खुर्चीवरून कडाडायच्या, "ए सातवी! तुझं लग्न आहे का आज? नाही ना? मग हनुवटी खाली!" बाईंना नावं येत नव्हती असं मुळीच नाही. त्यांना प्रत्येकीच्या आईचंसुद्धा नाव माहीत होतं. पण रांगेत उभं राहिलं की नाव बाहेर ठेवायचं. आत फक्त नंबर.

रालित्सा दुसरी. आणि दुसरीचं काम सगळ्यात अवघड, हे बाईंचं ठाम मत. पहिलीला संगीत ऐकायचं असतं. दुसरीला ऐकायचंच नसतं, तिला बघायचं असतं. पहिलीच्या पाठीवर डोळे ठेवायचे, तिथे श्वास भरला की आपण भरायचा, ती पाठ पुढे झुकली की आपलं पाऊल उचलायचं. अकरा वर्षं पहिलीची, म्हणजे नेव्हेनाची पाठ रालित्साच्या डोळ्यांसमोर होती. तिच्या डाव्या खांद्याखाली वाटाण्याएवढा तीळ होता. नेव्हेनाचं तोंड आठवायला रालित्साला एखादा क्षण लागला असता, पाठ मात्र झोपेतही आठवली असती.

"पहिली निघाली की तू निघायचं," बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "ती बरोबर निघाली की चुकीची, हे तू ठरवायचं नाही. ती चुकली तर तूही चुकायचंस. तू चुकलीस की मागच्या बावीस जणी चुकतील. चोवीस जणी मिळून चुकल्या तर लोकांना वाटतं, हे असंच असणार. एकटी चुकली तर त्या पोरीचं वाटोळं होतं. कळलं?"

"कळलं, बाई."

"काय कळलं?"

"मी ठरवायचं नाही."

"हं. जा, दुसरे बूट घाल. हे मेलेत."

सप्टेंबरात बाईंना निरोप दिला. सव्वीस वर्षं त्या बॅलेच्या प्रमुख होत्या. थिएटरच्या कँटीनमध्ये टेबलं जोडून चीज भरलेल्या, पापुद्र्यांच्या बानित्साच्या परातीच्या पराती मांडल्या होत्या, चीज अजून आत खदखदत होतं. नगरपालिकेचा माणूस कागदावरून भाषण वाचत होता आणि त्यात तो बाईंचं आडनाव दोनदा चुकला. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मला रडणारी माणसं आवडत नाहीत. बानित्सा गार होतेय." सगळ्या हसल्या आणि मग सगळ्याच रडल्या.

नवा प्रमुख यासेन काराजोव. छत्तीस वर्षांचा, याच गावचा. पंधराव्या वर्षी परदेशी गेला, मोठमोठ्या मंचांवर नायक म्हणून नाचला, आणि गुडघा गेल्यावर परत आला. पहिल्या दिवशी तो खुर्चीवर बसलाच नाही. सरावाच्या हॉलमध्ये खाली फरशीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "नंबर नकोत मला. नावं सांगा. आणि मला साहेब-बिहेब म्हणायचं नाही, नुसतं यासेन म्हणा."

"झोर्नित्सा," रांगेतली तिसरी लगेच म्हणाली, "वय विचारलंत तर खोटं सांगीन."

तो खळखळून हसला. हॉलमध्ये कुणी प्रमुख हसल्याचं भिंतींनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्या दिवशी तो सगळ्यांनाच आवडला, खोटं कशाला बोला! रालित्सालाही आवडला. फक्त तिची पाळी आली तेव्हा तोंडातून "दुसरी" असं निघून गेलं आणि मग घाईघाईने "रालित्सा."

दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर कागद लागला. जानेवारीपासून रांगेत चोवीसच्या जागी एकवीस. नगरपालिकेने तीन जागा काढल्या होत्या. कुणाच्या, ते यासेन मोसमाच्या पहिल्या प्रयोगानंतर ठरवणार होता. खाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : मी प्रत्येकीला वेगळं बघणार आहे.

नेव्हेनाने त्याच दुपारी पेन्शनीचा अर्ज दिला, तिची वर्षं भरली होती. आणखी एकीचं लग्न ठरलेलं होतं, ती व्हार्नाला जाणार होती. म्हणजे राहिली एक जागा. बावीस जणी ती एक जागा डोळ्यांत घेऊन फिरायला लागल्या. रालित्साचं वय एकतीस. पेन्शनीला अजून सात वर्षं. आणि दुसरं काही, म्हणजे खरंच दुसरं काहीही, तिला येत नव्हतं. बाजारातसुद्धा ती कुणाच्या तरी मागे ठरावीक अंतर ठेवून चालायची.

यासेनने प्रत्येकीला दोन मिनिटं दिली. संगीत हवं ते निवडा, हवं ते नाचा, पण तुमचं स्वतःचं. झोर्नित्साने तर चक्क लग्नातला नाच केला, बुटांचा नुसता धडधडाट, आणि यासेनने टाळ्या वाजवल्या. रालित्सा चार रात्री विचार करत होती. पाचव्या दिवशी हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि शरीराला जे येत होतं ते त्याने केलं. रांगेतल्या दुसरीचा नाच. हात बरोबर, मान बरोबर, पाऊल तर सुईच्या टोकावर. मध्येच ती डावीकडे एक पाऊल सरकली, थांबली, परत जागेवर आली.

"ते काय होतं?" यासेनने विचारलं.

"तिथून सोळावी जाते," रालित्सा म्हणाली.

हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत मात्र झोर्नित्सा तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "बाई गं, जी नाहीच तिलासुद्धा वाट करून दिलीस! तुला बसमध्ये कधी बसायला मिळतं का?" रालित्सा हसली. मग नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसली.

मोसमाची सुरुवात दरवर्षी त्यांच्या थिएटरच्या स्वतःच्या बॅलेने व्हायची, रानातल्या समोडिवांच्या. समोडिवा म्हणजे झऱ्याकाठी नाचणाऱ्या, पांढऱ्या कपड्यांतल्या पऱ्या, माणसाला मोहात पाडून मारणाऱ्या. यासेनने तो बॅले ठेवला, पण त्यात एक बदल केला. पूर्वी बासरी वाजायची आणि तिच्या सुरावरच रांग बाहेर पडायची. आता बासरी वाजून थांबणार. मग चार मात्रा काहीही नाही. पूर्ण शांतता. आणि पाचव्या मात्रेला, बासरी परत सुरू होताना, पहिलं पाऊल.

"त्या चार मात्रांत लोक खुर्चीत पुढे सरकतील," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी तो त्यासाठी तीन आठवडे भांडला. खरं सांगायचं तर कल्पना सुरेखच होती. रालित्सालाही सरावात पहिल्यांदा ती शांतता ऐकून अंगावर काटा आला होता.

आणि पहिली म्हणून त्याने बिल्यानाला उभं केलं, नेव्हेनाला मागे बिल्यानाच्या जागी पाठवलं. बिल्याना अठरा वर्षांची, सोफिया शहरातल्या बॅलेच्या शाळेतून याच मोसमात रांगेत आलेली, मान हरणासारखी लांब. पाठ कोवळी, गुळगुळीत, कुठेही तीळ नाही, आणि श्वास अगदी वर, गळ्यापाशी. रालित्साला त्या पाठीवरून काहीच वाचता येईना. "ताई, मी ठीक करतेय ना?" बिल्याना सरावात दर पाच मिनिटांनी वळून विचारायची.

"वळू नकोस. पहिली वळत नाही."

"पण ठीक करतेय ना?"

"अगं, पुढे बघ!"

प्रयोगाच्या संध्याकाळी थिएटर खचाखच भरलं होतं. स्ताम्बोलोवा बाई चौथ्या रांगेत, काळ्या झग्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून. यासेन प्रेक्षकांत बसला नव्हता. तो मंचाच्या समोरच्या कडेला, पडद्याआड उभा होता. या बाजूला रांग, त्या बाजूला तो, आणि मध्ये निळा उजेड पडलेला रिकामा मंच. तो रांगेकडे बघत नव्हता. रालित्साला पक्कं कळलं, तो तिच्याकडेच बघत होता.

बासरी वाजली. थांबली.

शांतता आली आणि ती सरावातल्या शांततेसारखी नव्हती. सातशे माणसं त्यात श्वास रोखून बसली होती. रालित्साने मनात मोजलं, एक. बिल्यानाच्या पाठीवर घामाचा एक थेंब फुटला. दोन म्हणायच्या आत ती पाठ झुकली आणि पोरगी निघाली.

लवकर. चांगली लवकर. बिल्याना एकटी त्या निळ्या उजेडात दोन पावलं पुढे गेली होती आणि तिच्या मानेवरून दिसत होतं, तिला कळलंय. आता मागे यायची सोय नव्हती.

रालित्साला चूक दिसत होती आणि बरोबर काय तेही ठाऊक होतं. नुसतं उभं राहायचं, बस. दोन, तीन, चार मोजायचे आणि बासरीबरोबर निघायचं. मागच्या बावीस जणी तिच्याबरोबर थांबतील, रांग अगदी वेळेवर येईल, समोर उभ्या असलेल्या माणसाला अकरा वर्षांत पहिल्यांदा रालित्सा दिसेल, आणि ती एक जागा कुणाची जाणार ते सातशे लोकांसमोर उघड होईल. तिने यासेनकडे बघितलं. त्याने हात किंचित वर केला होता, तळवा तिच्याकडे. थांब.

रालित्साने श्वास भरला आणि निघाली.

तिच्या मागून झोर्नित्सा, चौथी, पाचवी, आणि मग सगळ्याच. त्या गप्प थिएटरात चोवीस जणींच्या कडक बुटांचा फळ्यांवर आवाज झाला, वाळक्या पानांतून काहीतरी चालत यावं तसा. मग बासरी आली. रांग झऱ्याच्या वळणाने फिरली आणि एका पायावर थांबली, दुसरा पाय मागे उंच. संगीताला तिथे पोचायला अजून वेळ होता. चोवीस जणी तशाच एका पायावर उभ्या राहिल्या, संगीत येऊन पोचेपर्यंत, आणि एकीचाही घोटा थरथरला नाही. रालित्साला बिल्यानाच्या पाठीमागून तिचा दबलेला हुंदका ऐकू आला. "खाली घे श्वास," ओठ न हलवता ती म्हणाली. "पोटात."

टाळ्या चांगल्या वाजल्या. जिन्यात स्ताम्बोलोवा बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. रालित्सा समोर आली तेव्हा त्यांनी तिचा दंड धरला, जोरात, म्हातारीची बोटं दुखतील इतक्या जोरात. मग काठी टेकत टेकत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी यासेनने तिला बोलावलं. टेबलावर गावातलं वर्तमानपत्र उघडं होतं.

"वाचलंस?"

"नाही."

"ऐक. 'नव्या प्रमुखांची सगळ्यात धाडसी कल्पना म्हणजे संगीत थांबल्यावर केवळ पावलांच्या आवाजाने येणाऱ्या समोडिवा. अंगावर शहारा आला.'" त्याने कागद बाजूला सारला. "तीन आठवडे भांडलो मी त्या शांततेसाठी. आणि शहारा कशाने आला, तर तुमच्या बुटांनी!" तो हसला, पण लगेच थांबला. "बिल्याना आधी निघाली."

"रांग आधी निघाली."

"रालित्सा, मी समोर उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस."

"बघितलं."

"तुला माहीत होतं ती चुकलीय."

"हो."

"मी हात केला होता. मी तिथे तुझ्यासाठी उभा होतो, समजतंय का तुला? तुझं नाव जाणाऱ्यांच्या यादीत होतं, आधीपासूनच. पण मला पेनने लिहवेना, पेन्सिलने लिहिलं होतं. मला फक्त एकदा बघायचं होतं, तू स्वतःच्या मनाने काही करतेस का."

"केलं की," रालित्सा म्हणाली. "निघाले."

यासेन उठून खिडकीशी गेला. बाहेर नदीवर एक मालवाहू होडी पलीकडच्या, रुमेनियाच्या काठाकाठाने इतकी हळू चालली होती की चालतेय की नाही ते कळत नव्हतं.

"मी वीस वर्षं नाचलो," तो खिडकीकडेच बघत म्हणाला. "एकदा एका मोठ्या मंचावर मी नाचाचा अख्खा तुकडा विसरलो. माझ्या मागे तीस माणसं होती. तीसही जागेवर उभी राहिली, अगदी बरोबर, आणि मी एकटा मधोमध हात पसरून. अजून स्वप्नात येतं. माझ्याबरोबर कुणी चुकलं नाही गं." तो वळला. "काल तुला बघून मला राग आला, इतका राग, आणि नंतर कळलं की तो राग नव्हता."

रालित्साला हातांचं काय करावं ते सुचेना.

"पण पुढच्या वर्षीपासून मी जे बसवणार आहे त्यात रांग नाहीये," तो म्हणाला, आता हळू. "बारा जणी, आणि बाराही वेगळ्या. तुला त्यात उभं केलं तर तू बाजूला सरकून जागा करून देत बसशील. मी खोटं बोलतोय का? सांग तूच."

तिने विचार केला. खरंच विचार केला, कारण त्याने खरंच विचारलं होतं. "नाही," ती म्हणाली. "खरं आहे."

त्याने कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. तीन नावं होती. तिसरं अजून पेन्सिलने लिहिलेलं होतं, आणि तिच्या देखत त्याने त्यावरून पेन फिरवलं. 

"डिसेंबरपर्यंत दुसरी मीच ना?" रालित्साने विचारलं.

"तूच."

"आणि ती पोर?"

"राहील. पोरगी चांगली आहे. घाबरली होती, शिकेल."

"कोण शिकवणार? तुम्ही?"

यासेनने पेनाला टोपण लावलं.

रालित्सा बाहेर आली. कँटीनमध्ये झोर्नित्साने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विनोद सुचला नाही. तिने आपल्या ताटलीतला बानित्साचा अर्धा तुकडा मोडून तिच्यापुढे सरकवला. दोघींनी तो खाल्ला. मग रालित्सा उठून सरावाच्या हॉलमध्ये गेली.

दुपारचे तीन वाजले होते, फळ्यावर यादीही लागली होती. हॉलमध्ये बिल्याना एकटीच खाली बसली होती, बुटांच्या फिती सोडलेल्या, नाक लाल.

"ताई, मी जाते आणि सांगते त्यांना! मीच आधी निघाले. तुम्ही कशाला आलात माझ्या मागे? नसता आलात तर..."

"त्याला माहीत आहे."

"मग तुमचं नाव का?"

"माझं नाव आधीच होतं. ऊठ."

"मला नाचायचंच नाहीये आता."

"नाचायला कुणी सांगितलंय? चालायचंय फक्त. शनिवारी परत प्रयोग आहे, आणि ती शांतताही आहे. फिती बांध. अशा नाही, गाठ आत. हं. आता रडायचं असेल तर रडून घे, पण रडताना श्वास कुठे जातो तेवढं बघून ठेव."

बिल्यानाला रडता रडता हसू फुटलं. "तुम्ही मला दाखवा ना एकदा, ताई. पहिलीने कसं थांबायचं ते. मी मागे उभी राहते."

"ठीक आहे, बघ नीट," रालित्सा म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. पहिलीच्या जागेवर.

पाय बरोबर लागले. हात आपोआप पोटापाशी जुळले. तिने मान वर केली, आणि समोर पाठ नव्हती. श्वास कधी घ्यायचा ते सांगणारं तिथे काहीच नव्हतं. नुसती फरशी, लांबच लांब, तिच्यावर खिडक्यांच्या उजेडाचे चौकोन, आणि पलीकडे भिंत. अकरा वर्षं ती या हॉलमध्ये येत होती. हा हॉल एवढा मोठा आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

तिने मनातल्या मनात बासरी वाजवली. थांबवली. एक, म्हणून मोजलं. श्वास वर, गळ्यापाशी चढला, आणि दोनच्या आधीच तिचं पाऊल फरशीवर पडलं. पाठोपाठ मागे आणखी एक पाऊल वाजलं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"असं होतं होय," रालित्सा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "एवढं मोकळं असतं इथे."

"हो," मागून बिल्याना हळूच म्हणाली.

रालित्साने पाऊल मागे घेतलं. मागचंही पाऊल मागे गेलं. उजेडाचा चौकोन तिच्या बुटांच्या टोकापाशी आला होता. तिने श्वास खाली, पोटात सोडला, आणि तो पूर्ण खाली पोचेपर्यंत वाट बघितली.

"परत," ती म्हणाली.